चिप मारताना क्लब कधी जमिनीत रुततो, कधी चेंडू पलीकडच्या बंकरमध्ये जातो: नेमके काय चुकते आहे?

रफमधला

नमस्कार.

मी गेली सहा वर्षे पुण्यात गोल्फ खेळतो. वय ५२, हँडिकॅप १९ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एका फेरीत साधारण तेवढे जास्त), उजव्या हाताने खेळतो. ड्रायव्हर फार लांब जात नसला तरी बहुतेक वेळा फेअरवेत, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यात, राहतो, सहा-सात नंबरच्या आयर्नवर माझा भरवसा आहे आणि पटिंगमध्येही आमच्या चौघांत मी मागे नाही. घोडे पेंड खाते ते ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कडेला, चिप म्हणजे तिथून मारायचा छोटा फटका मारताना. चेंडू ग्रीनपासून चार पावलांवर असतो, झेंडा डोळ्यांसमोर असतो, आणि तिथून होल पूर्ण करायला मला चार-पाच फटके लागतात.

गेल्या रविवारचे उदाहरण देतो. पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत पूर्ण व्हावा असा, होल होता आणि माझा दुसरा फटका ग्रीनच्या डावीकडे, कडेपासून चार पावलांवर थांबला होता. कडेपासून झेंडा अकरा पावले आत होता. रात्रभर पाऊस झाल्यामुळे जमीन मऊ होती, पण चेंडू गवतावर नीट बसलेला होता. तक्रार करावी असे काही नव्हते. मी ५६ अंशांचा सँड वेज (चेंडू उंच उडवणारा, तिरक्या तोंडाचा क्लब) घेतला, तीन-चार वेळा नुसताच फिरवून पाहिला, आणि प्रत्यक्ष फटक्याच्या वेळी क्लब चेंडूच्या दोन इंच मागे मातीत रुतला. चेंडू जेमतेम हातभर सरकला. पुन्हा तसेच होईल या धास्तीने पुढच्या फटक्याला मी ऐन वेळी हात वर उचलले, क्लबची धार चेंडूच्या कमरेत बसली आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. कॅडीने माझ्याकडे पाहिलेही नाही. पिशवी खांद्यावर टाकून तो मुकाट्याने बंकरकडे चालू लागला. कार्डावर ७ लिहिले गेले.

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षकांनी मला असे शिकवले होते की चेंडू मागच्या पायासमोर ठेवावा, हात चेंडूच्या बरेच पुढे दाबावेत आणि भार डाव्या पायावर द्यावा. उन्हाळ्यात कडक जमिनीवर हे बऱ्यापैकी जमत होते. पावसाळा सुरू झाला आणि तीच पद्धत माझ्यावर उलटली. मग व्हिडिओ पाहून ६० अंशांचा लॉब वेज विकत घेतला. त्याने दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढले.

माझे प्रश्न असे. अशा ठिकाणी कोणता क्लब घ्यावा? हात पुढे दाबावेत की दाबू नयेत? आणि ज्याला फक्त रविवारी कोर्सवर जाता येते त्याने उरलेले सहा दिवस घरी कसा सराव करावा? आणखी एक सांगतो, कारण त्याचा संबंध असू शकेल: वयाच्या तिशीपर्यंत मी क्लब क्रिकेट खेळलो आहे आणि लेग साइडला मनगटाने चेंडू वळवणे हा माझा आवडता फटका होता.

चौदावी काठी

आपण दोन वेगळ्या चुका वर्णन केल्या आहेत असे वाटते, परंतु ती एकच चूक आहे. क्लब ज्या कमानीत फिरतो तिचा सर्वांत खालचा बिंदू आपल्या बाबतीत चेंडूच्या मागे पडतो. त्या बिंदूपाशी क्लब जमिनीला लागला तर तो रुततो, आणि तो लागू नये म्हणून हात उचलले तर वर चढत जाणारी धार चेंडूच्या मध्यावर बसते. म्हणून एका चुकीवर दुसऱ्या चुकीचा उतारा घेऊन उपयोग होत नाही.

हा बिंदू मागे का राहतो, याचे उत्तर विटीदांडूत सापडते. गलीवर आडवी ठेवलेली विटी आपण कोलतो, म्हणजे दांडू तिच्याखाली घालून मनगटाच्या झटक्याने तिला वर उडवतो. ग्रीनच्या कडेला आपण चेंडू कोलत आहात. विटीच्या खाली पोकळी असते आणि चेंडूच्या खाली जमीन असते, एवढा फरक आपल्या मनगटांना अजून पटलेला नाही. चेंडू उचलायचे काम क्लबच्या लॉफ्टचे, म्हणजे तोंडाच्या तिरकेपणाचे, आहे. आपण फक्त गवत झाडायचे, आणि तेही चेंडूच्या जरासे पुढे.

उभे राहण्याची रीत अशी ठेवून पाहा. दोन पावलांत एका क्लबच्या डोक्याएवढेच अंतर, पकड रबराच्या खालच्या टोकाकडे, चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर किंवा केसभर मागे, साधारण ६० ते ७० टक्के भार डाव्या पायावर, आणि शर्टाची बटणे चेंडूच्या वर किंवा किंचित पुढे. भार एकदा डावीकडे दिला की फटका संपेपर्यंत तो तिथेच राहिला पाहिजे. बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. सुरुवातीला भार डावीकडे असतो, क्लब मागे जाताना शरीरही मागे झुकते, आणि खाली येताना परतायला वेळ उरत नाही. पुढे येताना छाती लक्ष्याकडे वळू द्या. छाती थांबली की मनगटे आपोआप पुढे सुटतात. जो क्रिकेट खेळला आहे त्याची तर हमखास सुटतात.

आता हात पुढे दाबण्याविषयी. वेजचा तळ सपाट नसतो. पुढच्या धारेपेक्षा त्याची मागची बाजू खाली उतरलेली असते आणि या उताराच्या कोनाला बाउन्स म्हणतात. वाळूत किंवा मऊ मातीत क्लब खोल न जाता सरकावा, यासाठी तो दिलेला असतो. १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या जीन सॅराझेनने आपल्या क्लबच्या तळाला धातू जोडून हीच युक्ती साधली होती आणि आजचा सँड वेज त्यातूनच आला. आपल्या ५६ अंशांच्या वेजला १० अंश बाउन्स आहे असे धरू. दांडा १० अंश पुढे झुकवला की बाउन्स शून्य होतो आणि लॉफ्ट ४६ वर येतो. म्हणजे सरकण्यासाठी पैसे मोजून घेतलेला क्लब आपण स्वतःच्या हाताने कुदळ करून टाकतो. उन्हाळ्यात जमीन कडक असते, धार आत शिरू शकत नाही, म्हणून ती पद्धत चालली. पावसाने तिचे खरे रूप दाखवले. प्रशिक्षकांचे सांगणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही, ते एका ऋतूपुरते होते. हात चेंडूच्या पुढे असावेत, पण एवढेच की दांड्याचे टोक आपल्या पँटच्या डाव्या खिशाच्या आतल्या शिवणीकडे रोखलेले दिसावे. लॉब वेज मात्र तूर्त कपाटात ठेवा. आपल्याला लागणारा फटका त्याचा नव्हेच.

क्लब कोणता घ्यावा, याचे उत्तर टप्प्यात आहे. आपण क्रिकेट खेळला आहात, तेव्हा टप्प्याचे महत्त्व मी सांगायला नको. चेंडू ग्रीनच्या कडेच्या एक पाऊल आत पडला पाहिजे, कारण तिथले गवत एकसारखे कापलेले असते आणि पहिली उसळी भरवशाची मिळते. टप्पा शक्यतो तोच ठेवायचा, स्विंगही जवळपास तोच ठेवायचा आणि पुढे किती घरंगळायचे आहे त्याप्रमाणे क्लब बदलायचा. यासाठी जुन्या खेळाडूंचा बाराचा हिशेब आहे. बारातून क्लबचा नंबर वजा केला की हवेतल्या अंतराच्या किती पट चेंडू घरंगळेल ते मिळते. पिचिंग वेजला १० धरतात आणि सँड वेजला ११. आठ नंबरचे आयर्न चौपट घरंगळते, नऊ नंबरचे तिप्पट, पिचिंग वेज दुप्पट आणि सँड वेज जेवढा उडतो तेवढाच.

आपला रविवारचा फटका या हिशेबात बसवून पाहू. कडेपर्यंत चार पावले आणि आत एक, म्हणजे हवेत पाच. टप्प्यापासून झेंडा दहा पावले. दहा म्हणजे पाचाची दुप्पट, म्हणून क्लब पिचिंग वेज. आपण सँड वेज घेतला, म्हणजे चेंडू साडेसात पावले उडवायला निघालात. दीडपट उंच आणि लांब उडवायचे म्हणून मोठा स्विंग आला, आणि मोठ्या स्विंगबरोबर कोलणे आले. हिशेब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे, हे लक्षात ठेवा. चढ असेल किंवा ग्रीन ओले व मंद असेल तर एक नंबर खाली उतरा, म्हणजे आपल्याला त्या दिवशी खरे तर नऊ नंबरचे आयर्न लागले असते. उतार असेल तर उलट करा.

हरळीवाला

खेळाडू म्हणून मी सुमार आहे, हँडिकॅप २४. परंतु हिरवळी लावणे आणि राखणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय असल्यामुळे गवताविषयी चार शब्द लिहितो, कारण वरच्या उत्तरात सारा विचार क्लबचा आणि शरीराचा झाला आहे.

इंग्रजी व्हिडिओंत ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळीच आहे. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो त्या दूर्वा त्याच जातीच्या. गोल्फ कोर्सवर जे टिफवे किंवा टिफड्वार्फ वाण दिसतात ते या हरळीचा आफ्रिकेतल्या एका भाईबंदाशी संकर करून अमेरिकेत तयार केले गेले. अंगचा स्वभाव मात्र हरळीचाच राहिला. शेतातून हरळी काढताना शेतकऱ्याच्या नाकी नऊ का येतात? कारण ती जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दुहेरी पळते, पेरा-पेराला मूळ धरते आणि तिची खोडे दोरीसारखी चिवट असतात. वेजची उघडी धार त्या दोरीत अडकली की मनगटात कितीही जोर असला तरी क्लब जागीच थांबतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या गवतावर चित्रित केलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे हे कारण आहे.

तेव्हा चेंडूपाशी पोहोचल्यावर पहिली गोष्ट करावी ती ही की गवताचा कल पाहावा. झेंड्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर गवत चकचकीत आणि फिकट दिसले तर ते आपल्यापासून दूर, झेंड्याकडे झुकलेले असते. काळपट आणि मखमलीसारखे दिसले तर ते आपल्याकडे झुकलेले असते. ग्रीनवर याची आणखी एक खूण मिळते. होलच्या कपाची कडा वाकून पाहावी; जिकडे गवत झुकते त्या बाजूची कडा कुरतडल्यासारखी आणि तपकिरी असते, समोरची रेखीव राहते.

गवत झेंड्याकडे झुकलेले असेल तर क्लब सुखाने सरकतो आणि चेंडू टप्पा पडल्यावर हिशेबापेक्षा पुढे जातो. गवत आपल्याकडे झुकलेले असेल तर फटक्याच्या वाटेत ती दोरी आडवी येते. अशा वेळी दांडा सरळ ठेवून, तोंड किंचित उघडून, तळाची मागची बाजू गवतावर घासली जाईल असा फटका मारावा. चौदावी काठी यांनी सांगितलेला बाउन्स इथे दुप्पट उपयोगी पडतो. टप्पादेखील ग्रीनच्या बराच आत ठेवावा, कारण उलट्या कलाच्या गवतावर पहिली उसळी मेल्यासारखी होते.

पावसाळ्याचे आणखी एक. सलग पाऊस लागला की जड यंत्र ओल्या जमिनीवर चालवता येत नाही, चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात, म्हणून कापणी लांबते. ग्रीनभोवतीची पट्टी मे महिन्यात आपण पाहिली होती ती राहत नाही. गवत वाढलेले, खाली माती लोण्यासारखी, आणि चेंडू वरवर तरंगताना दिसतो. त्या तरंगण्यावर विश्वास ठेवू नये. नुसता फिरवून पाहण्याचा स्विंग चेंडूच्या शेजारच्याच, तशाच गवतावर करावा आणि क्लब किती अडखळतो ते हाताला कळू द्यावे. आपण तो केलात, पण बहुधा हवेत केलात.

एडिनबरोकर

मूळचा नाशिकचा, अकरा वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये. इथल्या समुद्रकाठच्या कोर्सवरचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल असे वाटले म्हणून लिहितो.

इथे ग्रीनच्या बाहेरून पटर वापरण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. जमीन वाळूची, पाणी लगेच झिरपते, गवत बारीक आणि आखूड. १९९५ ची ब्रिटिश ओपन सेंट अँड्रूजला झाली तेव्हाचा प्रसंग गोल्फ पाहणाऱ्या सर्वांच्या आठवणीत आहे. शेवटच्या दिवशी अठराव्या होलवर इटलीच्या कोस्तांतिनो रोक्काला जॉन डॅलीची बरोबरी करण्यासाठी दोन फटक्यांत चेंडू होलमध्ये घालायचा होता. त्याने चिप मारली आणि ती आपल्यासारखीच मेली. चेंडू ग्रीनपुढच्या त्या प्रसिद्ध खळग्यात परत आला. रोक्काने पुढचा फटका पटरने मारला आणि साठ फुटांहून लांबचा तो पट चढ चढून सरळ होलमध्ये गेला. प्ले-ऑफमध्ये डॅली जिंकला ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाची चिप रुतली, ही गोष्ट आपल्याला धीर देणारी आहे.

तरीही पुण्याच्या ओल्या हरळीत पटर घ्या असे मी सांगणार नाही. हरळीवाले यांचे वर्णन वाचल्यावर चेंडू पहिल्या दोन पावलांतच गवतात गुरफटेल, हे उघड आहे. त्याऐवजी पिशवीतला हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) काढा. त्याची पकड अगदी खाली धरा, पटर धरता तशीच धरा आणि पटिंगचाच फटका मारा. रुंद गोल तळामुळे तो रुतूच शकत नाही, आणि वीस-बावीस अंशांच्या लॉफ्टमुळे चेंडू पहिले थोडेसे गवत उडत पार करतो व मग पळू लागतो. रविवारी आपल्याकडे चार पावलांचे गवत होते, म्हणजे हायब्रिडसाठी ते जरा जास्त झाले. दोन पावलांच्या आत मात्र मी दुसरा विचार करत नाही.

चौदावी काठी यांच्याशी माझा एक मतभेद आहे. बाराचा हिशेब शिकताना छान आहे, पण त्यामुळे माणूस झेंड्यापाशी उभा राहून पाढे म्हणू लागतो. मी चेंडू हाताने टाकायचा असता तर कुठे टाकला असता, असा प्रश्न स्वतःला विचारतो आणि तो टप्पा ठरवतो. मग हाताला जो क्लब सुचतो तो बहुतेक वेळा बरोबर निघतो.

पॉल रनियनची रीतही एकदा करून पाहा. अंगाने लहानखुरा असलेल्या या अमेरिकन खेळाडूने १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात, टीवरून त्याच्या कितीतरी पुढे चेंडू मारणाऱ्या सॅम स्नीडला ८ आणि ७ असे हरवले, म्हणजे सात होल शिल्लक असतानाच तो आठ होलांनी पुढे होता. तो चिपचा क्लब पटरसारखा उभा धरी. दांडा उभा केला की क्लबची टाच उचलली जाते, फक्त पुढचा भाग गवताला लागतो आणि मनगटांना वळायला जागाच उरत नाही. ज्याची मनगटे लेग साइडला फटके मारण्यात मुरली आहेत, त्याला हे पथ्य मानवेल.

रफमधला

सर्वांचे मनापासून आभार. ‘कोलणे’ हा शब्द वाचला आणि माझा स्विंग मला पहिल्यांदा बाहेरून दिसला.

एक शंका राहिली. मऊ जमिनीत क्लब रुतून मग पुढे सुटतो तेव्हा कधी कधी चेंडूला दोनदा लागतो. गेल्या महिन्यात असे झाले तेव्हा आमच्यापैकी एकाने एक दंड धरायला लावला आणि दुसऱ्याने नको म्हटले. त्या चर्चेत मागचे चौघे आमच्यावर येऊन ठेपले. नियम काय आहे?

स्कोअरकार्ड

मी आमच्या क्लबच्या स्पर्धा समितीत काम करते, म्हणून उत्तर देते. २०१९ च्या नियमांपासून चुकून दोनदा लागल्यास दंड नाही. तो एकच फटका धरायचा आणि चेंडू जिथे थांबला तिथून खेळायचे. दंड धरायला लावणाऱ्या आपल्या मित्राने जुना नियम सांगितला. तो जुना नियम किती महागात पडत असे, हे १९८५ च्या यू. एस. ओपनमध्ये दिसले. तैवानचा टी. सी. चेन शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे असताना पाचव्या होलवर, ग्रीनजवळच्या जाड गवतातून मारलेल्या चिपला त्याचा क्लब दोनदा लागला. दंड धरून त्या पार चारच्या होलवर त्याचे ८ झाले आणि अखेर तो अँडी नॉर्थच्या एका फटक्याने मागे राहिला.

पावसाळ्यात कामाच्या आणखी दोन गोष्टी. ग्रीनभोवतीची कापलेली पट्टी ग्रीनमध्ये मोडत नाही. तिथला चिखल लागलेला चेंडू उचलून पुसायचा असेल तर तशी स्थानिक सवलत त्या दिवशी जाहीर झालेली असावी लागते. मात्र चेंडू स्वतःच्याच आघाताने झालेल्या खड्ड्यात जमिनीच्या पातळीखाली रुतला असेल तर तो फेअरवेबरोबरच रफमध्येही, म्हणजे बाजूच्या वाढलेल्या गवतातही, दंडाशिवाय उचलता येतो, पुसता येतो आणि त्या जागेच्या लगेच मागे, एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडता येतो. साठलेल्या पाण्यात चेंडू किंवा आपले पाय असतील तरी सवलत आहे. पाय मुद्दाम दाबून पाणी वर काढल्यास ती मिळत नाही. असे करणारे सभासद प्रत्येक क्लबात असतात.

साठी उलटलेला

घरच्या सरावाचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, म्हणून लिहितो.

काथ्याचे जाड पायपुसणे घ्या. रबरी किंवा कापडी नको. काथ्याच्या ताठ केसांवर चेंडू ठेवला की तो हरळीवर बसतो तसाच बसतो, आणि क्लब मागे लागला तर काथ्याचा आवाज ‘खर्र’ असा लांब येतो. बरोबर लागला तर आधी चेंडूचा आवाज येतो आणि मग काथ्याचा. कान हा या सरावात डोळ्यांपेक्षा चांगला शिक्षक आहे. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर एक घडी घातलेला पंचा ठेवा. कोलायला गेलात की क्लब आधी पंच्याला लागेल. गच्चीवर पोकळ प्लास्टिकचे चेंडू वापरा आणि टप्प्यासाठी पाच पावलांवर घमेले ठेवा. रोज वीस चेंडू पुरेत. शंभर मारले की शेवटचे ऐंशी नुसते हात फिरवत मारले जातात.

मनगटांसाठी, दिशा धरायला वापरतात ती बारीक फायबरची काठी पकडीबरोबर हातात धरा, अशी की तिचे वरचे टोक डाव्या बरगड्यांच्या बाहेरून मागे निघेल. मनगटे सुटली की काठी बरगडीवर बसते. पहिल्या दिवशी मला सात-आठ वेळा बसली.

आणि धास्तीविषयी. ‘पुन्हा तसेच होईल या धास्तीने’ असे आपण लिहिले आहे. तंत्र सुधारले तरी हात ती भीती काही काळ लक्षात ठेवतात. २०१५ च्या सुरुवातीला टायगर वूड्सच्या साध्या साध्या चिप फसत होत्या आणि फिनिक्सच्या स्पर्धेत त्याने एका दिवशी ८२ फटके घेतले. तेव्हा याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मला स्वतःला डावा हात खाली आणि उजवा वर अशा उलट्या पकडीने सोडवले. २०२२ ची यू. एस. ओपन जिंकणारा मॅट फिट्झपॅट्रिक अशाच पकडीने चिप मारतो. या पकडीत उजव्या मनगटाला झटका देताच येत नाही. दोन आठवडे हात अवघडल्यासारखे वाटतात, नंतर सवय होते.

रविवारी खेळ सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटे लवकर जा. एकच चेंडू घ्या. ग्रीनभोवतीच्या नऊ वेगवेगळ्या जागांवरून चिप मारा आणि प्रत्येक वेळी पट होलमध्ये घालून मोकळे व्हा. चिप एक आणि पट एक धरून पार १८ होतो. बेरीज वहीत तारखेसह लिहा. बादलीभर चेंडू एकाच जागेवरून मारल्याने हात गरम होतात, टप्पा निवडण्याची नजर तयार होत नाही.

रफमधला

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. या काळात चार रविवार मिळाले, एक पावसाने गेला.

वहीतली बेरीज: ३१, २९, २९, २६. पिचिंग वेज आणि नऊ नंबरचे आयर्न हे दोनच क्लब चिपसाठी ठेवले आहेत, दोन पावलांच्या आतून हायब्रिड. उलटी पकड मला मानवली नाही, परंतु रनियनची उभी पकड पहिल्याच दिवशी हातात बसली. पाढे म्हणतो, पण चेंडूपाशी पोहोचण्यापूर्वी, चालता चालता. त्यामुळे एडिनबरोकर यांचा आक्षेपही मिटावा. काथ्याचे पायपुसणे मधोमध टक्कल पडल्यासारखे झाले आहे. काल गवताचा कल पाहण्यासाठी कपाच्या कडेवर वाकलो तेव्हा कॅडी म्हणाला, “साहेब, इथे सगळे गवत नदीकडेच झुकते, मला विचारायचे ना.” सहा वर्षांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

एक जागा मात्र अजून सुटलेली नाही. ग्रीनच्या मागे उतार आहे आणि चेंडू त्या उतारावर, ग्रीनकडे खाली येणाऱ्या बाजूला असतो. तिथे क्लब हटकून आधी मागच्या उंचवट्याला लागतो.

चौदावी काठी

३१ वरून २६ ही चांगली मजल आहे. उतारावर खांदे उताराला समांतर करा, म्हणजे डावा खांदा उजव्यापेक्षा खाली येईल. चेंडू उजव्या पायासमोर घ्या आणि क्लब उताराबरोबर खाली जाऊ द्या. फटक्यानंतरही त्याचे डोके गुडघ्याच्या वर येता कामा नये. उतार लॉफ्ट कमी करतो, म्हणून इथे सँड वेज परत बाहेर काढा. चेंडू तरीही खाली निघेल आणि जास्त पळेल, हे गृहीत धरून टप्पा कडेवरच ठेवा. झेंडा त्याच बाजूला जवळ असेल तर होलच्या पलीकडे सहा फुटांवर थांबलेला चेंडू उत्तम समजा आणि कॅडीला विचारा की तिथून परतीचा पट नदीकडे जातो की नदीकडून येतो.